रेल्वे फाटक: पाहा, गुडघा (उजवा)

ती. आत्यास,

नमस्कार. वाकून केला असं समज. प्रत्यक्षात मी ज्या टेबलाशी बसले आहे त्याच्या तिन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या पेट्या रचलेल्या आहेत आणि वाकले तर कपाळ पेटी क्रमांक नऊवर आपटेल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझी तब्येत कशी आहे हे मात्र मी या परिच्छेदात विचारणार नाही. मुद्दामच. पुढे विचारीन, बहुतेक तिसऱ्या पानावर, तोवर दम धर. समोरच्याची प्रकृती विचारल्याशिवाय तू कधी दूधवाल्यालाही चिठ्ठी लिहिली नाहीस (आधी त्याच्या कंबरेची चौकशी, मग अर्धा लिटर जास्त), तेव्हा भाचीची ही रीत बघून तुझ्या भुवया कुठवर चढल्या असतील याची मला कल्पना आहे. पण या उद्धटपणाला कारण आहे, आणि ते कारण तूच आहेस.

खरं तर हे सगळं फोनवर सांगून मी मोकळी झाले असते. तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा मी "आमच्या ऑफिसात" एवढंच म्हटलं आणि तुझं दूध उतू गेलं. दुसऱ्यांदा "सरकारी" हा शब्द तोंडातून निघाला आणि तुझ्या दारावरची बेल वाजली (मला ऐकू आली नाही, पण तुला आली). तिसऱ्यांदा मी "पंतप्रधान" म्हणाले, तेव्हा तू कारण द्यायचे कष्टही घेतले नाहीस, सरळ फोन ठेवलास. सरकारला पुन्हा एक ओळही लिहिणार नाही अशी शपथ तू सदतीस वर्षांपूर्वी घेतलीस हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारबद्दल ऐकायचंही नाही असं तिच्यात एक पोटकलम आहे हे मला नव्याने कळलं. म्हणून हे पत्र. पत्र फोनसारखं आपटता येत नाही. फाडता येतं, पण एका बाजूने कोरा असलेला कागद तू आयुष्यात फाडलेला नाहीस, आणि या सगळ्या पानांची मागची बाजू मी मुद्दाम कोरी ठेवली आहे.

माझी नोकरी नक्की कसली आहे हे तुला कधी कळलं नाही, आणि त्यात तुझा दोष नाही. शेजारच्या बाईंना मी एकदा "जुने कागद सांभाळते" असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी चार महिन्यांची रद्दी दाराशी आणून ठेवली. तर नीट सांगते. मी अभिलेखागारात सूचीकार आहे. पंतप्रधानांच्या कार्यालयात पत्रं येतात, मंत्र्यांची येतात, परदेशातून येतात, गल्लीतला दिवा लागत नाही म्हणून लिहिणाऱ्यांचीही येतात. ती तिथेच आधी एकेका वर्गात बसवली जातात: शेती, शाळा, रेल्वे, शुभेच्छा, शिव्या (यांना 'संकीर्ण' म्हणतात). प्रत्येक पत्राला आवक क्रमांक, प्रत्येकाचं एक कार्ड, कार्डावर विषय. पंतप्रधान बदलले की सगळ्या पेट्या आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांची सूची करतो, म्हणजे पुढे कोणी विचारत आलं की दहा मिनिटांत कागद त्याच्या पुढ्यात ठेवता येतो. जागा सोडून भलतीकडे पडलेलं पत्र शोधलं की सापडतं. चुकीच्या विषयाखाली नीट नंबर घालून, फीत बांधून ठेवलेलं पत्र मात्र कोणालाच सापडत नाही, कारण ते हरवलंय असं कोणाला वाटतच नाही. हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगते. गेली वीस वर्षं सांगते आहे, आणि तेव्हा मला माहीत नव्हतं की मी तुझ्याबद्दल बोलते आहे.

गेल्या महिन्यात तळघरातल्या बंद पेट्यांना कसर लागली आहे का ते बघायचं काम माझ्याकडे आलं. 'बंद' म्हणजे कोणालाही न दाखवायच्या. मला फक्त कागदाची अवस्था बघायची परवानगी, मजकूर वाचायची नाही (डोळे मिटून कसर कशी शोधायची ते नियमात दिलेलं नाही). एका पेटीवर चिठ्ठी होती: 'आरोग्य – वैयक्तिक – मा. पंतप्रधान – गुडघा (उजवा)'. मला वाटलं क्ष-किरणांचे फोटो असतील. झाकण काढलं तर आत तुझं अक्षर. तो 'ळ', ज्याला तू खाली शेपूट काढतेस, समासाची लाल रेघ, आणि प्रत्येक कागदाच्या उलट बाजूला तुमच्या रुग्णालयाचा तापाचा तक्ता. सत्तेचाळीस पत्रं. एकही गहाळ नाही, एकालाही कसर नाही. मी तिथल्या लोखंडी शिडीच्या पायरीवर बसून राहिले, आणि मग वर येऊन तोंड धुतलं.

ती पत्रं कशाबद्दल होती हे तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. रुग्णालय रुळांच्या एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, मध्ये फाटक. फाटक दिवसातून एकतीस वेळा बंद (मोजणी तुझी, सलग नऊ दिवस, रजा टाकून, कठड्यावर बसून). मालगाडी पुढेमागे करायला लागली की चाळीस-चाळीस मिनिटं. रुग्णवाहिका एकच, आणि रुग्ण ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूला अडकलेली. फाटकापाशी उभ्या टेम्पोच्या फळीवर तू एका बाईचं बाळंतपण केलंस आणि घरी येऊन पहिलं पत्र लिहिलंस: इथे पूल बांधा. सहा वर्षं, सत्तेचाळीस पत्रं, मागणी एकच. पण तू पडलीस परिचारिका. पंतप्रधान जिना उतरताना कठड्याला धरतात हे तू वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलं होतंस, आणि दुखणं दिसल्यावर गप्प बसणं तुला जमत नाही. त्यामुळे प्रत्येक पत्राचा पहिला परिच्छेद त्यांच्या उजव्या गुडघ्याचा. सूज आहे का, रात्री ठणकतो का, खुर्चीत बसून पाय सरळ करा आणि दहा मोजा, उकिडवे बसू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. पूल दुसऱ्या परिच्छेदापासून.

आणि त्या कार्यालयाचा नियम असा, की पहिल्या परिच्छेदाचा विषय तोच पत्राचा विषय. झालं. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस पत्रं गुडघ्याखाली गेली. त्यात पुन्हा तुझी काटकसर. वॉर्डातले रद्द झालेले तक्ते तू घरी आणायचीस आणि मागच्या कोऱ्या बाजूला पत्र लिहायचीस. नवव्या पत्राच्या मागे खाट क्रमांक चौदाचा ताप आहे, सलग चौदा दिवसांचा, एकशे चारपर्यंत चढलेला, बहुधा विषमज्वर. कार्यालयातल्या कोणीतरी हा तक्ता पंतप्रधानांचाच असं धरून त्यावर 'अतिगोपनीय' असा शिक्का हाणला. पंतप्रधानांची वैद्यकीय माहिती पंचाहत्तर वर्षं उघडायची नाही असा कायदा आहे, म्हणून सगळी पेटीच बंद. ती उघडेल तेव्हा तू एकशे एकोणीस वर्षांची असशील. तुझा स्वभाव बघता हे अशक्य नाही, पण मी नसेन, आणि कोणीतरी इतिहासकार पंतप्रधान तापाने फणफणले होते तेव्हा देश कोण चालवत होतं यावर जाडजूड ग्रंथ लिहील.

मी पदर खोचला (साडी रोज नेसत नाही, मनातल्या मनात खोचला). आमच्या मुख्य अभिलेखपाल मॅडमना आम्ही मागे 'पूर्णविराम' म्हणतो, कारण त्या बोलल्या की पुढे कोणाला वाक्य सुरू करता येत नाही. त्यांच्या समितीपुढे मी टिपणी ठेवली: सदर ताप पंतप्रधानांचा नाही. शेरा आला: पुरावा जोडावा. मी त्या चौदा दिवसांची वर्तमानपत्रं काढली आणि दाखवून दिलं, की ताप एकशे चार होता त्या दिवशी पंतप्रधान एका धरणावर भर उन्हात दोन तास चाळीस मिनिटं बोलत होते. शेरा आला: भाषणाची लांबी पाहता तापाची शक्यता नाकारता येत नाही. मग मी विचारलं, तक्त्यावर 'जनरल वॉर्ड, खाट क्र. १४' असं स्वच्छ लिहिलं आहे, पंतप्रधान जनरल वॉर्डात झोपतील का? शेरा: मा. पंतप्रधानांची साधी राहणी सर्वश्रुत आहे. शेवटी मी मॅडमच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि उत्तर मिळाल्याशिवाय जाणार नाही म्हणाले. त्या कागदावरून डोळे न काढता म्हणाल्या, "मूळ पत्रलेखकाचा लेखी अर्ज किंवा पंचाहत्तर वर्षं. जे आधी होईल ते." आणि पूर्णविराम.

हे तिसरं पान. आत्या, तुझी तब्येत कशी आहे? रक्तदाबाच्या गोळ्या स्वतः वेळेवर घेतेस की फक्त इमारतीतल्या बाकीच्यांना घ्यायला लावतेस? पुलाच्या जिन्याने रोज चढून जाणं थांबवलंस का? (पूल शेवटी झाला, तुझ्या शेवटच्या पत्रानंतर बारा वर्षांनी, आणि त्याचं श्रेय माझ्या माहितीत अकरा जणांनी घेतलं. तू घेतलं नाहीस. तू फक्त कठडा दोन बोटं बुटका आहे म्हणालीस.) या प्रश्नांची उत्तरं वेगळ्या पत्रात दे. वेगळ्या का, ते शेवटी कळेल.

मॅडमच्या पूर्णविरामानंतर माझ्यापुढे दोन रस्ते होते, आणि दुसरा म्हणजे गप्प बसणं, तेव्हा एकच होता. पहिल्या परिच्छेदाचा तो नियम ज्याने केला त्याला शोधून काढायचं आणि त्याच्याकडून लेखी घ्यायचं की नियमच चुकला. चार दिवस भंडावून सोडल्यावर निवृत्तिवेतन विभागाने पत्ता दिला. हे निवृत्त वर्गीकरण लिपिक आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत, तिसऱ्या मजल्यावर मुलीकडे राहतात, आणि त्या घरातल्या स्वयंपाकघराच्या डब्यांवर आवक क्रमांक आहेत. मी भांडायच्या तयारीने गेले होते. चार वाक्यं पाठ करून गेले होते, त्यातलं पहिलं फार बोचरं होतं. पण मी नुसतं "उजवा गुडघा" म्हणाले आणि म्हातारबुवा खुर्चीतून ताडकन उठले. "गुडघेवाल्या बाई! अहो, त्या अजून लिहितात का?"

माझी पाठ केलेली वाक्यं तिथेच विरघळली. ते सांगत होते, "बाई, दिवसाला दोन पोती पत्रं यायची. आम्ही पाच जण. पहिला परिच्छेद वाचायचा, शिक्का मारायचा, पुढचं घ्यायचं. पण यांचं पत्र आलं की आम्ही शेवटपर्यंत वाचायचो. एक जण मोठ्याने वाचायचा." दुपारी चार वाजता ते पाचही जण फायलींच्या कपाटाला धरून रांगेत उभे राहायचे आणि तू सांगितलेला व्यायाम करायचे. मग मी चिडलेच. म्हटलं, शेवटपर्यंत वाचत होतात तर पत्र फाटकाबद्दल आहे हे कळत नव्हतं का? मग रेल्वेत का नाही लावलं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "वाचणं खाजगी, वर्गीकरण सरकारी," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी त्यांच्या मुलीकडे पाणी मागितलं. रेल्वेबद्दलची पत्रं रेल्वेच्या पोत्यात जायची. एकेका सालात तशी नऊ-नऊ हजार यायची, प्रत्येकाला आपल्या गावात पूल हवा होता, आणि पोतं जिथे जायचं तिथून परत काही आलेलं कोणी पाहिलं नाही. पण 'आरोग्य – वैयक्तिक' हा वर्ग एकमेव असा होता, की ज्याचं पत्र कुठल्याही विभागात न जाता निळ्या फोल्डरमधून थेट साहेबांच्या टेबलावर जायचं. तू शहाण्यासारखं 'विषय: रेल्वे फाटक' असं लिहून सुरुवात केली असतीस, तर तुझं एकही पत्र कोणी वाचलं नसतं. गुडघ्याने तुला आत नेलं. सत्तेचाळीसही पत्रं पंतप्रधानांनी स्वतः वाचली आहेत.

हे मला कसं माहीत, असं तू विचारशील. ते मी तुला सांगू शकत नाही. पेटी बंद आहे, मी सरकारी नोकर आहे, आणि आतला एक शब्दही बाहेर काढला तर माझ्या नोकरीची फाईल 'संकीर्ण'मध्ये जाईल. पण आमच्या सूचीच्या नियमावलीत एक कलम आहे: कंसातला मजकूर हा सूचीकाराने आपल्या मनाने घातलेला असतो, तो दस्तऐवजाचा भाग धरू नये. तेव्हा पुढचं सगळं कंसात आहे.

(चौथ्या पत्राच्या समासात पेन्सिलीने: 'करून पाहिले. बरे वाटले.' बाराव्यावर: 'या आठवड्यात जमले नाही.' अगदी ओशाळलेल्या पेशंटसारखं, आत्या. विसाव्या आणि एकविसाव्या पत्राच्या मध्ये पाच महिने गेले, तेव्हा बहुतेक तुझी बदली चालली होती, तर एकविसाव्यावर: 'इतका उशीर का? बाई आजारी तर नाहीत?' आणि एकोणचाळिसाव्यावर, तू ते चाळीस मिनिटं अडकून राहिलेल्या पेशंटबद्दल लिहिलं होतंस ते, पेन्सिल जवळजवळ कागद फोडून गेली आहे: 'बाई बरोबर सांगतात. रुग्ण अडता कामा नयेत. याच महिन्यात काहीतरी करा.')

(आता निळा फोल्डर परत कुठे जाणार? आरोग्य खात्याकडे. आरोग्य खात्याला फाटकाला हात लावायचा अधिकार नाही, रुळांना नाही, पुलाला तर मुळीच नाही. त्यांच्या हातात काय होतं? गाड्या. वरून हुकूम आलेला, महिना संपत आलेला, म्हणून त्यांनी एक रुग्णवाहिका उचलली आणि फाटकाच्या गावाकडच्या बाजूला आणून उभी केली. म्हणजे गावातून पेशंट फाटकापर्यंत हिने आणायचा, फाटकाशेजारच्या माणसांच्या चिंचोळ्या वाटेने स्ट्रेचर पलीकडे न्यायचं, आणि पुढे रुग्णालयाची गाडी. होय, तीच गाडी. एका सकाळी कोणी न मागता, कुठलाही कागद सोबत न घेता आलेली. सगळ्या गावाने सरकारी घोटाळा म्हणून जिची टर उडवली. आणि तू पुढच्या आठही पत्रांत जिच्याबद्दल पंतप्रधानांना फैलावर घेतलंस, की मी पूल मागितला होता, गाडी नाही. ती तुझ्याच पत्रावर आली होती.)

कंस संपला. आता माझ्या मनातलं लिहिते. त्याच्या पुढच्या वर्षी बाबांना झटका आला तो दुपारी, फाटक बंद, मालगाडी लांब सिग्नलला खोळंबलेली. गावाकडच्या त्या गाडीने त्यांना फाटकापर्यंत आणलं, पलीकडे स्ट्रेचर घ्यायला तू स्वतः उभी होतीस. डॉक्टर म्हणाले होते, आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर काही करता आलं नसतं. त्यानंतर बाबा नऊ वर्षं जगले, आणि नऊही वर्षं ते तुझ्या पत्रांची थट्टा करायला जिवंत होते.

आणि ते खोटं उत्तर. बाबांनी तुझी गंमत करायची म्हणून पंतप्रधानांच्या नावाने पत्र तयार केलं, 'आपल्या सूचनेनुसार गुडघा वाकवत आहे. पूलही लवकरच वाकवू', असलं काहीतरी. तू पहिलं वाक्य वाचलंस आणि पुढचं तुला दिसलंच नाही. दोन दिवस तू ते पर्समध्ये घेऊन फिरलीस. मेट्रनला दाखवलंस. खाटेवरच्या पेशंटना दाखवलंस. तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी हसत हसत खरं सांगितलं आणि सगळं घर हसलं. तू उठलीस. ताट उचललंस, धुतलंस, आणि त्या दिवसापासून सरकारला एक ओळ लिहिली नाहीस. आत्या, ते पत्र मी टाइप केलं होतं. मी सोळा वर्षांची होते, नवीनच टायपिंगच्या क्लासला जात होते, बाबा सांगत गेले आणि मी बडवत गेले, आणि पूल वाकवण्याचं ते वाक्य बाबांचं नव्हे, माझं होतं. मला त्याची लाज वाटते. त्या दिवशी जेवायच्या टेबलावर वाटली आणि अजून वाटते. हे तुला तोंडावर सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.

म्हणून मी हे सोडणार नाही. कारण त्या पेटीत तुझ्या सत्तेचाळीस पत्रांच्या खाली एक अठ्ठेचाळिसावा कागद आहे, आणि तो तुझा नाही. (पंतप्रधानांनी तुला उत्तर लिहिलं होतं. स्वतः, हाताने, दीड पान. बाबांच्या गमतीनंतर अकरा दिवसांनी. पण पत्र गोपनीय वैद्यकीय वर्गातलं, त्यामुळे बाहेर पाठवायला त्यांच्या खाजगी डॉक्टरांची सही हवी. डॉक्टर परदेशी. ते परतायच्या आत निवडणूक झाली, साहेब हरले, आणि सगळ्या पेट्या फीत बांधून आमच्याकडे आल्या.) त्यात काय लिहिलं आहे हे मी कंसातसुद्धा सांगणार नाही. ते तू वाचायचं. तुझ्या चष्म्याने, तुझ्या खिडकीशी बसून, आणि पुढचं सगळं दिसेपर्यंत. खऱ्या पत्राची नक्कल तुझ्या हातात पडेपर्यंत मी मॅडमचे पूर्णविराम मोजत नाही, समितीचे शेरे वाचत नाही, आणि बदली घेत नाही.

आणि वर्गही बदलून मागणार नाही, हे मी आता ठरवलं आहे. ज्या चुकीने तुझं पत्र वाचलं गेलं ती दुरुस्त करायचा मला अधिकार नाही. मी फक्त रेल्वेच्या खणात एक नवं कार्ड ठेवलं आहे: 'रेल्वे फाटक: पाहा, गुडघा (उजवा)'. मॅडमनी ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत जागेवर ठेवलं. मी याला मंजुरी समजते.

वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांगायचा असतो, पण आता तूच एकटी वडीलधारी उरलीस, तेव्हा तो सगळा तुलाच.

तुझी भाची

ता.क. सोबत अर्जाचा कोरा नमुना आहे. पहिल्याच ओळीत 'विषय: माझ्या पत्रांची पेटी उघडून मिळणेबाबत' असं लिही. पहिल्याच ओळीत. मॅडमची तब्येत विचारू नकोस. त्यांची मान आखडते हे मी तुला सांगितलं होतं ते विसरून जा. त्यांच्या मानेवर एक शब्द लिहिलास तर अर्ज 'आरोग्य – कर्मचारी' मध्ये जाईल आणि मला पुन्हा तळघरात उतरावं लागेल. आणि अर्ज त्याच नमुन्यावर लिही, तापाच्या तक्त्यावर नको. तुझ्याकडे अजून एक गठ्ठा आहे हे मला माहीत आहे.

ता.क. दुसरा. तीस तारखेला या पेट्या लांबच्या कोठारात जाणार आहेत, तिथे झाकण उघडायला तीन खात्यांच्या सह्या लागतात. तेव्हा अर्ज पंचवीसपर्यंत यायला हवा. शपथेचं म्हणशील तर अर्ज सरकारला नाही, अभिलेखागाराला आहे. अभिलेखागार सरकारचंच आहे असं मॅडम म्हणतात, पण मी ते मान्य केलेलं नाही.

ता.क. तिसरा. सांगणार नव्हते, पण हे आता सांगावंच लागेल, कारण तुझी शपथ तुला माहीत आहे आणि तू मला. (त्या उत्तराची शेवटची ओळ प्रश्न आहे: 'आता डावाही कुरकुरतो आहे. त्यालाही हाच व्यायाम चालेल का, ते कृपया कळवावे.') तो कागद जावक नोंदवहीत त्याच दिवशी चढवला गेला, पत्र निघालं नाही तरी नोंद झाली, आणि नोंदीपुढे शेरा आहे: 'पत्रलेखिकेच्या उत्तराची प्रतीक्षा.' साहेब जाऊन किती वर्षं झाली, पण शेरा अजून तसाच आहे, आणि उत्तर आल्याशिवाय नियमाने मला फाईल बंद करता येत नाही. 'सरकार मला उत्तर देत नाही' म्हणून सदतीस वर्षं तू रुसून बसली आहेस. आमच्या वहीप्रमाणे, आत्या, उत्तर तुझ्याकडून येणं बाकी आहे.